फोटोमागचे कागद

मले वाचता येत नाई, हे आधीच सांगून टाकते. मंग मधातच उठून कोणी इचारू नका, का देवकाबाई, तू काऊन नाई वाचलं म्हणून. मी शाळेचं तोंड पाह्यलं नाई. माह्यासारखीनं चार लोकाईले इचारत फिरावं हे बरोबर हाय, मले दुसरा रस्ताच नाई. पण जिनं पैनगंगेपल्याडच्या शाळेत चौथीपर्यंत मराठी केली, जिले पोथीचं पान घडाघडा वाचता येते, तिनंही घरात आलेली वस्तू हातात धरून गल्लीभर इचारत हिंडावं, याचा मले राग येते. वच्छलाचा मले असाच राग येत होता. वच्छला म्हणजे माही धाकटी जाऊ, मारोतरावची बायको. नदीच्या अलीकडं, तेलुगू मुलखातल्या तामसीजवळच्या आमच्या गावात आमचं घर एकच, चुली फक्त दोन.

एकदा तिच्या भावानं तिले कूकर आणून दिला. खोक्यात कूकर, अन् कूकरच्या पोटात एक बारकं पुस्तक. वच्छलानं ते पुस्तक काढलं, कपाळाले लावलं अन् देवघरातल्या सरस्वतीच्या फोटोमागं खोचून टाकलं. मंग कूकर कडेवर घेऊन निघाली बयनाबाईच्या घरी. बयनाबाई म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई. तिच्यापाशी कायचंही उत्तर मिळे. तिनं जन्मात कूकर पाह्यला नव्हता, पण उत्तर तयारच होतं. म्हणे, "शिटी झाली की समज शिजलं. जोर लावून झाकण काढायचं." वच्छलानं लावला जोर. तुरीचं वरण थेट आढ्याले जाऊन चिकटलं. तिचं तोंड बाजूले होतं म्हणून डोळे वाचले.

मी म्हटलं, "वच्छला, त्या पुस्तकात काही लिहिलं असंन ना वं?"

"ते कंपनीवाल्याईचं असते, जाऊबाई," ती म्हणे. "आपल्यासाठी थोडंच असते?"

वरणाचे डाग आढ्यावर पुढं कितीतरी वर्षं होते. मी पाहुण्याले मुद्दाम दाखवत जाये.

पण खरं बोलायचं तं ती अशी काऊन झाली तेबी मले माहीत हाय. नदीपल्याडून लग्न होऊन आली तवा पंधरा-सोळाची होती. आमच्या सासूबाई तोंडानं लई कडक. मी तवा स्वतःच दबून राहत होती, मी काय तिच्याशी बोलणार? दिवस दिवस पोरीसंगं कोणी बोले नाई. मंग तिनं रस्ता काढला. हातात काहीतरी धरायचं, शेजारी जायचं अन् इचारायचं. भाकरीले किती पाणी, पापडखार कुठं मिळते, या बत्तीची वात कशी चढवू. इचारलं की बाया बस म्हणत, चहा ठेवत. इचारून इचारून तिनं अख्खी गल्ली आपलीशी केली. मले कोणी कधी बस म्हटलं नाई, कारण मी कोणाले काही इचारलंच नाई. हे मी रागात असली की इसरून जाते.

अन् कागदाचं म्हणाल तं ते पाप-पुण्याचं होतं. लिहिल्या कागदाले पाय लागला की आमच्याकडं लगेच कपाळाले लावतात. बाकीच्या बाया कपाळाले लावून कागद कोनाड्यात नाई तं चुलीत टाकत. वच्छला ठेवून देई. तिचा मोठा पोरगा केशव, त्याले पाटी-पेन्सिल धरवायले ती बासरच्या सरस्वतीच्या देवळात घेऊन गेली होती, अन् तिथून हा सरस्वतीचा फोटो आणला होता. तवापासून घरात जे काही लिहिलेलं, छापलेलं येई, ते फोटोमागं जाई. साबणाचा कागद, टॉर्चचा कागद, रेडिओचं पुस्तक, औषधाच्या घड्या. फोटो भितीपासून वीतभर पुढं आला होता. दसऱ्याले ती त्या सगळ्याले हळद-कुंकू वाही. अन् त्यातलं एकही तिनं उघडून पाह्यलं नव्हतं. देवाच्या मागं ठेवलेलं आपण कसं वाचायचं, असं तिचं म्हणणं.

केशव त्याच वर्षी पावसाळ्यात गेला. एक्क्याऐंशीचं साल असंन. गावात हगवण-ओकारीची साथ होती. मी तवा माहेरी होती. सरकारी सिस्टर घरोघर औषधाची पुडी देऊन गेली, तेलुगूत दोन शब्द बोलली अन् पुढच्या घरी निघून गेली. बयनाबाईनं सांगतलं तसं वच्छलानं ती पुडी मधात कालवून चाटवली. पोरगं राह्यलं नाई. मी आली तवा ती ओट्यावर बसली होती, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले इचारून राह्यली होती की असं कसं झालं. लोक सांगत होते, कोणी म्हणे नजर, कोणी म्हणे पाणी खराब. ती सगळ्याईचं ऐकून घे अन् पुन्हा इचारे.

मांगं राह्यली धाकटी पोरगी गोदा. तवा ती पाळण्यातून नुकतीच उतरली होती.

गोदा धा वर्षाची झाली त्या थंडीत आमच्या ध्यानात आलं की पोरगी घागरभर पाणी पिते, वाळून काडी झाली, अन् शाळेतून येता येता रस्त्यात बसते. आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. डाक्टर म्हणे साखर हाय. एवढ्याशा पोरीले साखर, आमी ऐकलंबी नव्हतं. रोज सुई टोचा लागंन, जन्मभर, म्हणे. मारोतराव तिथंच खाली बसला. पण वच्छलानं सिस्टरचा पदर धरला. काचेची पिचकारी कशी उकळायची, औषध कुठवर ओढायचं, कुठं टोचायचं, इचारून इचारून त्या बाईले भंडावून सोडलं. सिस्टर भली होती, तिनं हात धरून शिकवलं. घरी आली तं वच्छला डाक्टरीणच झाली होती. मी तिच्याकडं पाहतच राह्यली. गावात कोणाची छाती झाली नसती पोटच्या पोरीले रोज सुई टोचायची.

औषधाची शिशी येई ती कागदी डबीत. डबीत चिमणीच्या पखाएवढा घडी केलेला कागद. डबी गोदा खेळायले घे. कागद कपाळाले लागे अन् फोटोमागं जाई.

डाक्टरनं एवढंच सांगतलं होतं की औषध थंड जागी ठेवा. थंडीच्या दिवसात सारं घरच थंड, शिशी कोनाड्यात राह्यली. गोदा भरली, पुन्हा शाळेत जाऊ लागली. मंग होळी झाली अन् ऊन तापलं. आमच्याकडचा उन्हाळा तुमाले माहीत असंन तं सांगायले नको. दुपारी कोनाड्यातली पितळी वाटी हातात धरवत नाई.

झालं, वच्छला शिशी पदरात घेऊन निघाली इचारायले. थंड जागा कोणती? कोणी म्हणे आडात सोड. कोणी म्हणे धान्याच्या कणगीत. मी म्हटलं, माह्या रांजणाखाली ओली वाळू हाय, मी तिथं इड्याची पानं ठेवते, आठ दिवस हिरवी राहतात, तिथं ठेव. ती हसली. म्हणे, "जाऊबाई, औषध हाय ते, पान नाई." अन् गेली दादाजीकडं.

दादाजी आमच्याच गावचा, तामसीच्या बसथांब्यावर कुल्फी इके. त्याच्या घरी लाकडाची मोठी पेटी होती. आदिलाबादहून बर्फाची लादी आणायची, फोडायची, मीठ मारायचं अन् पेटीत भरायची. मीठ मारलं की बर्फ जास्त गार होते, कुल्फी दगडासारखी जमते. दादाजी छातीवर हात ठेवून म्हणे, "वहिनी, माह्या पेटीपेक्षा थंड जागा या मुलखात दाखवून द्या." खरंच होतं ते. तो माणूस इतका भला की कुल्फीचे दोन साचे काढून त्यानं गोदाच्या शिशीले जागा करून दिली, वरून स्वच्छ फडकं बांधलं. रोज सकाळी वच्छला त्याच्या घरी जाई, शिशी घेऊन येई. शिशीतलं औषध खड्यासारखं जमलेलं असे. ती कोमट पाण्यात सोडे, पातळ झालं की पिचकारीत ओढे, टोचे, अन् शिशी परत नेऊन देई. वाटेत भेटंल त्याले सांगे, आता पोरीच्या औषधाची काळजी मिटली.

वैशाख लागला अन् गोदा पुन्हा पाणी पिऊ लागली.

आधी कोणाले काही वाटलं नाई, सारेच पाणी पीत होते. मंग ती अंथरुणातून उठंना. वच्छला गल्लीत गेली. बयनाबाई म्हणे, ऊन लागलं, दुसरं काय. आमच्याकडं वैशाखात माणूस पडलं की ऊनच लागलेलं असते. तळपायाले कांदा चोळा, कैरीचं पन्हं द्या. वच्छला म्हणे, साखर बंद सांगतली हाय डाक्टरनं. बयनाबाई म्हणे, "साखर बंद हाय ना? मंग गूळ टाक." वच्छलानं गूळ टाकला. पोरीनं तांब्याभर पन्हं पिलं अन् आणखी मागितलं. वच्छलाले केवढा आनंद झाला की पोटात काहीतरी जाऊन राह्यलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओकाऱ्या. माहा नवरा बाबाराव अन् मारोतराव, दोघंही भाऊ लग्नाले निर्मलकडं गेले होते. घरात आमी दोघी जावा अन् ती पोरगी. मी तिच्या उशाशी बसली तं तिच्या श्वासाले एक वास येत होता, पिकून फुटलेल्या जांबासारखा. श्वास तरी कसा, धावून आल्यासारखा खोल खोल, अन् ती तं पडून होती. मी म्हटलं, "गोदे, कोण हाय मी?" तिनं डोळे उघडले, माह्याकडं पाह्यलं, अन् ओळखलं नाई.

वच्छला धावत जाऊन दादाजीकडून शिशी घेऊन आली. तिच्यामागं दादाजी, दादाजीमागं बयनाबाई, अन् मंग निम्मी गल्ली. पिचकारीत औषध ओढेना. "पाहा ना जाऊबाई, काऊन अडकून राह्यलं हे," म्हणे. मी शिशी घेतली अन् दाराच्या उजेडात धरली. नवीन आली तवा मी पाह्यली होती ती शिशी, हलवली की आतलं औषध पातळ ताकासारखं एकसारखं दिसे. आता आत पांढऱ्या गुठळ्या फिरून राह्यल्या होत्या, फाटल्या दुधात असतात तशा. कितीही हलवलं तरी मोडत नव्हत्या.

"हे नासलं," मी म्हटलं.

"बर्फातलं कसं नासंल?" दादाजी म्हणे.

मंग सुरू झालं. कोणी म्हणे जोरानं हलवा. कोणी म्हणे गाळून घ्या. कोणी म्हणे गुठळीतच खरा गुण असते, दह्यासारखं. बयनाबाई म्हणे दोन वेळा टोचा, एक वेळचं कमी पडलं असंन. अन् वच्छला, सांगायले नको, एकेकाच्या तोंडाकडं पाहून इचारून राह्यली होती. "असं करू का? का तसं करू? बयनाबाई, तुमी सांगा ना. भाऊजी, तुमी सांगा." पोरगी मागं खोल खोल श्वास घेऊन राह्यली, अन् ही दारात उभी राहून इचारून राह्यली.

माहं डोस्कं फिरलं. मी बयनाबाईच्या दंडाले धरून तिले बाहेर काढलं, एवढी म्हातारी बाई, पण काढलं. मंग बाकीच्याईले. दाराची कडी लावली. वच्छलाले म्हटलं, "या औषधाच्या डबीत कागद येते. कुठाय?"

तिनं फोटोकडं पाह्यलं.

"काढ."

"जाऊबाई, ते डाक्टरी कागद. इंग्रजी असते. आपल्याले काय—"

मी फोटोच काढला. खिळ्यासकट उपसून आला. अन् मागचं सारं खाली पडलं, कागदावर कागद, हळदीनं पिवळे झालेले. वच्छला ओरडली, पाय लागंन म्हणे. मी म्हटलं लागू दे. मी खाली बसून ते उपसत होती. मले अक्षर येत नाई, पण अक्षराचा आकार समजते. तेलुगू गोल असते, जिलबी घातल्यासारखं, बसच्या पाटीवर असते तसं. इंग्रजी सुटं सुटं, मुंग्या चालल्यासारखं. अन् पोथीत असते ते दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं, वरून रेघ अन् खाली लोंबणारं. त्या शिशीचा कागद मले सापडला, त्याच्यावर शिशीचं चित्र होतं. एका बाजूनं साऱ्या मुंग्याच मुंग्या. मी घडी उलटी केली. मागच्या बाजूले, अगदी खाली, बोटभर जागेत, दोरीवरचे कपडे होते.

"हे तुह्या शाळेतलं नाई काय?" मी म्हटलं. "वाच."

तिनं कागद घेतला. हिंदी होती, पण अक्षर तेच. आमी बाजारात यापाऱ्यासंगं हिंदीच बोलतो, समजायले काही कठीण नव्हतं. ती पहिलीतल्या पोरीसारखी एकेक शब्द जोडून वाचू लागली. "दवा को... ठंडी जगह... रखें." तिनं माह्याकडं पाह्यलं, पाह्य बरोबरच केलं आपण, असं. मी म्हटलं पुढं. "बर्फ में... न रखें. जमने... न दें. जमी हुई दवा... काम नहीं करती... उपयोग में... न लाएँ."

ती थांबली. पुन्हा तेच वाचलं. मंग तिनं शिशीकडं पाह्यलं. दाराच्या फटीतून दादाजीनं ऐकलं होतं. तो बाहेर ओट्यावर बसून आपल्या कपाळावर मारून घेत होता. मले ऐकू येत होतं.

"मी रोज तिले मेलेलं औषध टोचलं," वच्छला म्हणे. "रोज पोरगी दातावर दात ठेवून सहन करे. आई, दुखते, म्हणे. मी म्हणे, दुखलं तरी यानंच तू जगून राह्यली."

मी तिले रडू दिलं नाई. गोदाले चादरीत गुंडाळलं. दादाजीनं बैलगाडी जुंपली अन् बैलाले असं हाकललं की तामसीपावतो आमची हाडं खिळखिळी झाली. तिथून आदिलाबादची बस. बस फाट्या-फाट्यावर थांबे. पोरीचं डोस्कं माह्या मांडीवर, पाय वच्छलाच्या. तिच्या तोंडातला तो वास साऱ्या बसमध्ये भरला होता. बसमधल्या बाया इचारत, काय झालं पोरीले? ऊन लागलं काय? लिंबू हुंगवा. कांदा बांधा. कोणी साखरपाणी पुढं केलं. मले वाटलं वच्छला आता घेते. तिनं हातानं दूर सारलं. तिच्या मुठीत तो कागद होता, उघडे, वाचे, पुन्हा मिटे. आमची वच्छला माणसाईनं भरलेल्या बसमध्ये बसून कोणाले काही इचारत नव्हती, याचं मले पोरीच्या श्वासापेक्षा जास्त भेव वाटलं.

दवाखान्यात पोरीले आत नेलं, दोन्ही हाताले नळ्या लावल्या. डाक्टर नवीन होता, तेलुगू. त्याले वच्छलानं शिशी दाखवली अन् कागदही दाखवला. तो हिंदीत म्हणे, कागज घर में था, तो पढ़ा क्यों नहीं? रागावून नाई म्हटलं त्यानं, खरंच समजत नव्हतं म्हणून इचारलं. जन्मभर साऱ्याईले इचारणारी बाई, तिले एकानं एक गोष्ट इचारली. ती खाली पाहत उभी राह्यली.

मी साऱ्या देवाईले नवस बोलली. ज्याईची नावं माहीत होती त्याईले, अन् नव्हती त्याईलेही. डाक्टर सांगत होता, शुद्धीवर आली तं आली. वच्छला व्हरांड्यात भितीले टेकून बसली होती. मी तिले भाकरी दिली, ती हातातच राह्यली. मले वाटलं, ही पोरगी गेली तं मी एक नाई, दोन मढी घेऊन परतणार. मारोतराव लग्नातून परस्पर आला, तिच्याजवळ बसला.

मंग एका सकाळी सिस्टर बाहेर आली, म्हणे पोरगी आई म्हणून राह्यली. वच्छला उठली अन् तिथंच पडली. पाय मुंगी येऊन मेले होते, किती वेळ ती हलली नव्हती. रांगत गेली ती आत, सांगते मी, चारचौघात, रांगत.

निघायच्या दिवशी तीच सिस्टर, जिनं सुई शिकवली होती, म्हणे औषध मातीच्या माठात ठेवा, ओल्या फडक्यात गुंडाळून, पाणी आत जाऊ देऊ नका, बास. मी म्हटलं, माह्या रांजणाखाली ठेवलं असतं तं असंच थंड राह्यलं असतं. मले राहवतच नाई, मी बोलून जाते. वच्छलानं नवीन शिशीची डबी उघडली, कागद काढला, अन् कपाळाले न लावता तिथं बाकड्यावरच बसून वाचला, वरपासून खालपर्यंत. मुंग्याईच्या बाजूवरूनबी डोळे फिरवले, आपलं काही सुटलं तं नाई म्हणून.

घरी आलो. गोदा अंगणात बाजेवर पडली, अशक्त, पण डोळे जाग्यावर होते. गल्ली जमली. वच्छलानं साऱ्याईले चहा दिला. बयनाबाई आली, तिलेही दिला. तिच्यावर राग धरला नाई तिनं. मीच धरला, आजवर धरला हाय, ती मेली तरी. दादाजी आलाच नाई. वच्छला स्वतः त्याच्या घरी गेली अन् सांगून आली की पोरगी वाचली, तुमी जागा दिली होती ते मी इसरणार नाई. त्यानं त्या सालापासून कुल्फीचा धंदा सोडला.

लोक गेले. घरात पाह्यलं तं देवघरापुढं ते सारे कागद तसेच पडले होते, आमी टाकून पळालो होतो तसेच. मी झाडू घेतला. वच्छला म्हणे, थांबा. ती खाली बसली अन् एकेक उचलून वाचायले लागली. जे इंग्रजी-तेलुगू ते एका बाजूले. जे आपल्या अक्षराचं ते तोंडानं मोठ्यानं. कूकरचं वाचलं, "वाफ निघून जाईपर्यंत झाकण उघडू नये." मी आढ्याकडं पाह्यलं अन् हसली. तिलेही हसू आलं, जरासं. टॉर्चचं वाचलं. उवाच्या पावडरीचं वाचलं. मी तांदूळ निसत बसली होती. किती दिवसानं घरात बरं वाटत होतं. बाहेर गोदा बाजेवर काहीतरी गुणगुणून राह्यली होती.

मंग वच्छलाचं वाचणं थांबलं.

मी वर पाह्यलं. तिच्या हातात एक पुडी होती, चांदीसारख्या कागदाची, वरून फाडलेली, रिकामी. हळदीचे थर बसले होते तिच्यावर. तिनं पदरानं पुसली. पुसून पुसून खालची अक्षरं वर आणली. अन् वाचलं.

"पूरी पुड़िया... एक लीटर साफ पानी में... घोलें. बच्चे को... थोड़ा-थोड़ा... बार-बार पिलाएँ. पानी देना... बंद न करें."

ती केशवची पुडी होती. मधात चाटवलेली. साथीच्या त्या पावसाळ्यात सिस्टरनं दिलेली, अन् पोरगं गेल्यावर, तिच्यावरही अक्षरं हायत म्हणून, कपाळाले लावून फोटोमागं ठेवलेली. नऊ वर्षं तिनं त्या पुडीले दसऱ्याच्या दसऱ्याले हळद-कुंकू वाह्यलं होतं. पाणी मागत गेला होता तो. बयनाबाईनं सांगतलं होतं, पाणी देऊ नका, पाण्यानं हगवण वाढते. ते मले मागून कळलं होतं.

"जाऊबाई," वच्छला म्हणे. "हे मी तवा वाचलं असतं तं?"

तिच्या तोंडाकडं पाहवत नव्हतं. मी तांदळात हात घालून खडे शोधू लागली अन् म्हटलं, "मले काय माहीत? मले वाचता येते काय? त्याच्यावर काय लिहिलं ते मले काय समजते?"

ती माह्याजवळ सरकली. पुडी माह्या मांडीवर सरळ केली. अन् मले समजावं म्हणून, एकेका शब्दाखाली बोट ठेवून, ती पहिल्यापासून पुन्हा वाचायले लागली.